लोखंड्यांची पाचवी मागणी

आठवीच्या वर्गाला मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. कामगार चळवळीच्या धड्यात नारायण मेघाजी लोखंडे आले की एक प्रसंग हमखास घडायचा. "गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी यांच्यामुळे मिळाली" असं मी म्हटलं की मागच्या बाकांवरून टाळ्या पडायच्या. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, शनिवारचीपण का नाही मागितली त्यांनी?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. तास संपायचा आणि लोखंडेही तिथेच संपायचे. परीक्षेत दोन मार्कांची टीप, बस्स.

निवृत्तीनंतर वेळच वेळ मिळाला, तेव्हा ज्या गोष्टी घाईघाईने शिकवल्या त्या जरा सावकाश वाचायच्या असं ठरवलं. त्यात एके दिवशी लोखंड्यांचं १८८४ सालचं निवेदन हाती लागलं. मुंबई सरकारने तेव्हा कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करायला एक आयोग नेमला होता. सप्टेंबर महिन्यात लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. सह्या म्हणजे बहुतेक अंगठेच असणार. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा (सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, म्हणजे मर्यादासुद्धा केवढी मोठी पाहा!), आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत.

पाचवी मागणी मला ठाऊकच नव्हती. काम करताना कामगाराला मोठी इजा झाली तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय व्हावी, अशी ती मागणी.

पुस्तक मिटून मी तशीच बसून राहिले. कारण ही मागणी ज्यांच्यासाठी होती अशी दोन माणसं आमच्याच घरात होऊन गेली. एक माझे आजोबा, दुसरे माझे वडील. आणि मी वर्गात सांगत होते ती रविवारची गोष्ट.

आजोबांचा अपघात १९३१ चा. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. जे ऐकलं ते आजीकडून. आजोबा लालबागच्या बाजूला एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. यंत्र बंद करून साफ करायचं असा नियम, पण यंत्र बंद म्हणजे माल बंद आणि माल बंद म्हणजे मुकादमाच्या शिव्या. त्यामुळे चालत्या यंत्रातूनच कचरा काढायचा. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेली.

आजोबांच्या नशिबाने म्हणा, तोवर कायदा झाला होता. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. लोखंड्यांच्या निवेदनानंतर चाळीस वर्षांनी! स्वतः लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना गेले होते. त्यापूर्वी गिरणीत हात गेला तर मालकावर दिवाणी दावा लावा, मालकाची चूक सिद्ध करा, असा मामला होता. वीस-पंचवीस रुपये पगाराचा माणूस काय दावा लावणार? नव्या कायद्यात मालकाची चूक दाखवायची गरज उरली नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. ही गोष्ट लहान नाही. मुंबईचे ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. पुढे शाही मजूर आयोगावर त्यांनी काम केलं आणि १९३३ मध्ये या कायद्यात सुधारणा झाल्या त्या त्या आयोगाच्या शिफारशींवरून.

या कायद्याला एक परिशिष्ट होतं. मी ते मुद्दाम मिळवून वाचलं. शरीराच्या एकेका अवयवाची किंमत टक्क्यांत दिली होती. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर कमाईची ताकद सत्तर टक्के गेली असं धरायचं. डावा हात तसाच गेला तर साठ टक्के. पाय गुडघ्यापासून वर, साठ. एक डोळा, तीस. अंगठा, पंचवीस. तर्जनी, दहा. पायाचा अंगठा, तोही दहा. तर्जनी सोडून हाताचं दुसरं कुठलंही बोट, पाच. डावखुऱ्या माणसाचं काय करायचे कोण जाणे.

मग मी गणित मांडलं. कायमचा पूर्ण अपंग झालेल्याला बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, यांतलं जे कमी ते. आजोबांचा पगार आजी तीस रुपये सांगायची. तीस गुणिले बेचाळीस, बाराशे साठ. तर्जनीचे दहा टक्के आणि मधल्या बोटाचे पाच, मिळून पंधरा. म्हणजे १८९ रुपये. आजी "पावणेदोनशे-दोनशे" म्हणायची, तर हिशोब बरोबर लागला. त्याशिवाय हात बरा होईपर्यंत अर्धा पगार, पण पहिले दहा दिवस वगळून. ते दहा दिवस माणसाने काय खायचं हे कायद्याने सांगितलं नव्हतं. (१९३३ मध्ये दहाचे सात झाले.)

त्या पैशात गावचं कर्ज फिटलं. आजोबा जे गावी गेले ते परत मुंबईला आले नाहीत. वय फक्त एकतीस. आजीचं त्यावरचं वाक्य ठरलेलं होतं, "दोन बोटां गेली, पन कर्ज फिटला." मी लहानपणी पाहिलेले आजो म्हणजे खांद्यावरच्या पंचाच्या टोकात उजवा हात गुंडाळून पडवीत बसलेला माणूस. पाहुणे आले की तो हात आणखी आत जायचा.

कायद्याने त्यांची बोटं मोजली, पैसे दिले, आणि कायद्याचं काम झालं. हा माणूस पुन्हा गिरणीत येईल का, कुठलं काम करील, त्याला कोण शिकवील, हा प्रश्न कायद्याच्या कागदावर कुठेच नव्हता. तीन बोटांचा माणूस मुकादमाला नको होता आणि मुकादमाला नको म्हणजे गिरणीला नको. तेव्हा भरती मुकादमाच्याच हातात असे.

इथे जरा जर्मनीत जाऊन येते, कारण तारखांची एक गंमत मला सापडली. ज्या १८८४ मध्ये लोखंड्यांनी निवेदन दिलं, त्याच वर्षी जुलैत बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता, समाजवाद्यांचं पाणी जोखून त्याने हे केलं हे आपण सगळे शिकलो-शिकवलो आहोत. पण त्या कायद्याची रचना पाहण्यासारखी होती. एकेका धंद्यातल्या मालकांची मिळून एक विमा संस्था. जखमी कामगाराला पेन्शन तिनेच द्यायची आणि ठरावीक काळानंतर त्याच्या औषधपाण्याचा खर्चही तिच्याच गळ्यात. आता माणूस अधूच राहिला तर पेन्शन जन्मभर द्यावी लागणार, मग त्याला नीट बरा करून कामावर धाडणंच स्वस्त! या हिशोबातून १८९० मध्ये बोखुम या कोळशाच्या गावी खाणकामगारांसाठी खास अपघाताचं इस्पितळ उघडलं. जगातलं अशा प्रकारचं ते पहिलं मानतात. आणि १८९० च्याच १० जूनला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. तिकडे इस्पितळ, इकडे रविवार.

आपल्याकडे जखमी माणसाला पुन्हा कामाला लावायची व्यवस्था अजिबात नव्हती असं मात्र नाही. ती सैनिकांसाठी होती. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून आलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीच्या नावाची तांत्रिक शाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. एक पाय नसलेल्या शिपायाला बसून करता येईल असा धंदा शिकवायचा आणि मग घरी पाठवायचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यालाच कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. चांगलीच कामं होती ही. पण शाळा निघाली तेव्हा मुंबईतच गिरण्यांत बोटं जात होती, आणि त्या बोटांसाठी शाळा काढावी असं कुणाला सुचलं नाही. सैनिक सरकारचा होता. गिरणी कामगार कुणाचा होता?

त्याच १९४४ मध्ये दिल्लीत एक अहवाल सादर झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ च्या मार्चमध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम देण्यात आलं होतं. बाबासाहेबांचं स्वतःचं आयुष्य परळच्या चाळीत गेलेलं, त्यांना गिरणगाव काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. आडारकरांच्या अहवालावरून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, म्हणजे आपण ज्याला 'ईएसआय' म्हणतो तो. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूरला पंडित नेहरूंनी योजनेचं उद्घाटन केलं आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली.

आता औषधपाणी, आजारपणातले पैसे, अपघातातले पैसे हे सगळं एका छत्राखाली आलं. कामगार आणि मालक दोघांनीही पैसे भरायचे. गिरणगावात 'पॅनेलचा डॉक्टर' हा शब्द घराघरांत गेला. लोक ईएसआयला नावं ठेवतात, रांगांना कंटाळतात, आम्हीही कंटाळायचो. पण आजोबांच्या वेळी काय होतं हे ज्यांनी ऐकलंय ते जरा सांभाळून बोलतात.

माझ्या वडिलांचा, दादांचा, अपघात १९६२ च्या पावसाळ्यातला. मी अकरा वर्षांची. दादा साचेवाले, दोन साचे सांभाळायचे. अडकलेला धोटा काढताना साचा अचानक सुरू झाला आणि उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. तुटली नाहीत, पण एकाचं टोक गेलं आणि बाकीची दोन काठीसारखी ताठ झाली. बापाचा उजवा हात, मुलाचाही उजवा हात. आजी तेव्हा गावी होती. तिला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी "दादांना थोडं लागलं आहे" असं लिहिलं.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात दादांवर उपचार झाले. जखम भरल्यावर त्यांना रोज एका वेगळ्या खोलीत बोलवायला लागले. तिथे गरम मेणात हात बुडवायचा, ओला स्पंज पिळायचा, मण्यांतून दोरा ओवायचा. "बालवाडी आहे नुसती," दादा घरी येऊन म्हणायचे. मग एक दिवस ते हसतच आले. त्यांच्यापुढे लाकडी पाटाएवढा एक हातमाग ठेवला होता. बोटं वळावीत म्हणून त्यावर विणायचं. "आयुष्यभर माग चालवला म्हणून हात मोडला, आता औषध काय तर मागच!"

त्या खोलीमागची गोष्ट मला फार उशिरा कळली. या उपचाराला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, मराठीत व्यवसायोपचार. माणसाचे अवयव नुसते हलवायचे नाहीत, तर कामातून कामाकडे न्यायचे, असा त्याचा विचार. त्याची आपल्याकडची, किंबहुना सगळ्या आशियातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम इस्पितळात निघाली आणि ती काढली कमला निंबकर या बाईंनी. या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मुलंबाळं मोठी झाल्यावर अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि परत आल्या. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेचं नाव आम्हा शिक्षकांना चांगलं परिचयाचं. मॅक्सिन बर्नसनबाईंची शाळा म्हणून मी तिच्याबद्दल कितीतरी वेळा बोलले होते. पण नावातल्या कमलाबाई कोण हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. दादांची बोटं वळवणाऱ्या मुली कदाचित त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या असतील. १९५५ पासून हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थाही सुरू झाली होती. म्हणजे १९६२ च्या मुंबईत जखमी हात कामाच्या लायक करायची विद्या होती. आजोबांच्या वेळी ती नव्हती.

दादांची बोटं निम्मी वळायला लागली. घरी पैसे येत होते, पगारापेक्षा कमी पण येत होते. त्या काळात गिरणीला त्यांना काढताही येत नव्हतं. ईएसआय कायद्याचं त्र्याहत्तरावं कलम तसं होतं: कामगार अपघाताचे पैसे घेत असेपर्यंत मालकाने त्याला कामावरून कमी करायचं नाही. लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचा पहिला अर्धा भाग, बरा होईपर्यंतचा, पुष्कळसा पुरा झाला होता असं म्हणायला हरकत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली, बरं झाल्यावर. डॉक्टर भला माणूस होता. त्याने कामावर जायचा दाखला दिला आणि त्यात एक ओळ लिहिली, "काही महिने हलके काम द्यावे." ती ओळ घेऊन दादा गिरणीत गेले. खात्यात सांगितलं, "साचा खात्यात हलकं काम नसतं. पूर्ण बरा होऊन ये." डॉक्टरकडे परत गेले तर डॉक्टर म्हणाला, आता तुमचे पैसे थांबले, तुम्ही कामावर जायला लायक आहात. डॉक्टरच्या हिशेबी लायक, गिरणीच्या हिशेबी नालायक. दोघंही आपापल्या जागी बरोबर! आणि मधल्या काळात ना पगार, ना विम्याचे पैसे. पाच आठवडे दादा रोज सकाळी डबा घेऊन भोंग्याला जात आणि दहा वाजता तोच डबा घेऊन परत येत. डबा का नेत होते? चाळीतल्यांना दिसावं म्हणून. दुपारी आम्ही तो डबा वाटून खायचो.

शेवटी दादांनी डॉक्टरला हात जोडून ती ओळ काढायला लावली. नवा दाखला आणला. हलक्या कामाचा उल्लेख नाही. गिरणीने लगेच घेतलं, त्याच दोन साच्यांवर उभं केलं. पण तुटलेल्या धाग्याची गाठ मारायची ती कशी? साचेवाल्याची गाठ दोन बोटांच्या चिमटीत, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर बसली पाहिजे. दादांची बोटं तिथवर पोचत नव्हती. शेजारच्या साच्यावर घाटावरचे एक मामा होते (नातं काही नाही, आम्ही मामा म्हणायचो). ते आपले दोन साचे सांभाळून धावत येऊन दादांच्या गाठी मारून जायचे. असे तीन महिने. त्यात त्यांच्या स्वतःच्या साच्यांचा माल कमी पडायचा, म्हणजे पगार कमी. कुठल्या कायद्यात बसतं हे? पण आमचं घर त्या तीन महिन्यांत त्या मामांच्या बोटांवर चाललं.

मग ऑफिसातल्या एका क्लार्कच्या ओळखीने दादांना घडी खात्यात हलवलं. तयार कापड मोजून घड्या घालायचं काम. ताठ बोटांनाही जमणारं. पगार जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. वैद्यकीय मंडळाने हात पाहून टक्के ठरवले आणि त्याप्रमाणे दरमहा थोडी रक्कम जन्मभर मिळत राहिली. तेवढ्याने ती तूट भरली नाही. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी सवयीने 'साचेवाले' लिहिलं. दादांनी ते खोडून घेतलं आणि 'घडी खाते' लिहायला लावलं. साचेवाल्याचा एक तोरा असतो. तो त्या दिवशी गेला, असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त फॉर्म खराब झाल्याचं वाईट वाटलं होतं.

पण दादा मुंबईत राहिले, आजोबांसारखे पडवीत नाही गेले. मी बी.ए. झाले ती घडी खात्याच्या पगारावर. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. संपाने धड हाताच्या आणि मोडक्या हाताच्या माणसांत फरक केला नाही. ती कहाणी तुम्हाला ठाऊक आहे.

मागणीचा दुसरा अर्धा भाग, अधू झालेल्याच्या पोटापाण्याचा, कायद्याच्या पुस्तकात यायला आणखी बराच काळ लागला. राजस्थानच्या एसटीतल्या काही ड्रायव्हरांची नोकरीत असताना दृष्टी कमी झाली म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. त्यांच्या खटल्यात १९९०-९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वर्षानुवर्षं गाडी चालवण्यानेच डोळ्यांवर ताण येतो, तेव्हा त्यांना दुसरं काम द्यायचा प्रयत्न करा, नाहीतर उरलेल्या नोकरीचा विचार करून भरपाई द्या. मग १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा आला. त्याचं सत्तेचाळिसावं कलम वाचताना मला दादांचा डबा आठवला. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही. ते काम जमत नसेल तर दुसरं द्यायचं, पगार तोच ठेवून. दुसरं काम रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत जादा जागा निर्माण करून तिथे ठेवायचं. २००३ मध्ये कुणाल सिंग यांच्या खटल्यात हे कलम कसाला लागलं. विशेष सेवा ब्यूरोतला हा शिपाई, कामावर झालेल्या इजेमुळे डावा पाय कापावा लागला आणि त्याला सेवेतून कमी केलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१६ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आली.

फक्त एक गोष्ट. ही तरतूद सरकारी आस्थापनांसाठी. रेल्वे, एसटी, सरकारी कचेऱ्या. खाजगी गिरणी, खाजगी कारखाना तिच्या बाहेर. पुन्हा तेच, १९१७ सारखं. ईएसआयने धंदेशिक्षणाची एक सोय ठेवली खरी, पण तिला अट घातली ती अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी नको आणि वय पंचेचाळीसच्या वर नको अशी. दोन-तीन बोटांची माणसं त्या टक्क्यांत बसत नाहीत. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. ती संहिता मी जमेल तशी वाचते आहे. वकिली मराठी माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही.

हे सगळं आत्ताच लिहायला बसले त्याला कारण घडलं. माझा एक जुना विद्यार्थी, चाकणच्या बाजूला एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर होता, कंत्राटदाराकडून. काही महिन्यांपूर्वी त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. गंमत म्हणजे त्याच्या ईएसआयच्या नोंदणीवर तारीख आहे ती अपघाताच्याच दिवसाची. कामाला लागून आठ महिने झाले होते. म्हणजे बोटं गेल्यावर धावपळ करून नोंदणी केली. उपचार मात्र चांगले झाले, तो स्वतःच सांगतो.

परवा तो घरी आला. कामावर परत घ्या असा अर्ज लिहून हवा होता. "बाई, तुमचं मराठी चांगलं आहे." त्याने दाखला पुढे केला. दाखल्यात लिहिलं होतं, काही काळ प्रेस मशीनवर काम देऊ नये. म्हणाला, "हे अर्जात लिहू नका. कंत्राटदार म्हणतो, पूर्ण बरा असशील तरच ये. तुम्ही 'पूर्ण बरा आहे' असं लिहा."

मी दोन अर्ज लिहिले. एकात दाखल्यातली ओळ आहे आणि पॅकिंग किंवा स्टोअरमध्ये काम द्यावं अशी विनंती आहे. दुसऱ्यात त्याला हवं तसं. तो लिहिताना हात अडखळत होता, पण दादांनी डॉक्टरला हात का जोडले हे मला माहीत आहे, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. दोन्ही कागद त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, आधी पहिला दे, आठ दिवस थांब.

त्याने पहिला दिला आहे, असं काल फोनवर म्हणाला. दुसरा खिशात आहे. सोमवारी परत गेटवर जाणार आहे. डबा घेऊन जातोस का, असं मी विचारलं. "हो," म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"